ख्रिसोपोलिसचा बिशप, दिवाडीचा मातेउश

१६३७ साली रोममध्ये एका गोवेकराला बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्यासाठी गोव्याच्या आर्चबिशपची संमती कुणी मागितली नव्हती. लिस्बनच्या राजदरबाराचीही नाही. माणसाचं नाव मातेउश द कास्त्रो. वय त्रेचाळीसच्या आसपास. जन्म तिसवाडीतल्या दिवाडी बेटावर, नावेली गावात, ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात. जुन्या कागदांत त्याच्या नावापुढे ‘महाले’ किंवा ‘मालो’ असंही लागलेलं सापडतं. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप.

त्याला मिळालेलं पद मात्र विचित्र होतं. तो ‘अरबस्तानातल्या ख्रिसोपोलिसचा बिशप’ झाला. ख्रिसोपोलिसचा धर्मप्रांत केव्हाच लयाला गेला होता. तिथे ना कॅथेड्रल, ना पाद्री, ना भाविक. मातेउशनेही तिथे कधी जावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्याचं खरं काम होतं विजापूरच्या आदिलशाहीत, म्हणजे गोव्याच्या वेशीला लागून असलेल्या मुलखात. ज्या मुलखात काम करायचं तिथलं बिशपपद द्यायचं नाही आणि जे बिशपपद द्यायचं तिथे कामच नाही, असा उफराटा बंदोबस्त रोमने का केला, हे कळल्याशिवाय या माणसाची गोष्ट कळत नाही.

पंधराव्या शतकापासून पोपमहाशयांनी पोर्तुगालच्या राजांना एकामागून एक फर्मानं देऊन जो अधिकार बहाल केला, त्याला पादरोआदो म्हणतात. समुद्रापलीकडे नव्याने सापडलेल्या मुलखांत राजाने चर्च बांधावीत, पाद्र्यांचे पगार द्यावेत, मिशनरींना आपल्या जहाजांतून न्यावं. बदल्यात तिथे बिशप कोण व्हायचा ते राजाने सुचवावं आणि पोपने शिक्कामोर्तब करावं. सौदा दोघांच्याही फायद्याचा होता. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत झाला, १५५७ मध्ये महाधर्मप्रांत झाला, आणि आफ्रिकेच्या टोकापासून थेट जपानपर्यंतचा पट्टा कागदोपत्री गोव्याच्या आर्चबिशपच्या छत्राखाली आला. पोर्तुगालची माणसं किती, जहाजं किती, आणि पट्टा केवढा! शंभर वर्षांत या सौद्याचे टाके उसवू लागले. डच आणि इंग्रज समुद्रात उतरले. रोमला दिसू लागलं की पोर्तुगालला सगळीकडे माणसं पाठवता येत नाहीत, आणि दुसऱ्या कुणी पाठवलेली त्याला चालत नाहीत.

१६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ‘प्रोपागांदा फिदे’ हे खातं उघडलं. जगभरच्या मिशनांची सूत्रं राजांच्या हातून काढून रोमकडे घ्यायची, हा त्याचा हेतू. फ्रान्चेस्को इंगोली हा या खात्याचा पहिला सचिव. तो १६४९ मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीवर बसला आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून अहवाल मागवत राहिला. त्याची ठाम समजूत झाली की स्थानिक माणसांतून धर्मगुरू आणि पुढे बिशप घडवल्याशिवाय आशियातलं चर्च मूळ धरणार नाही. पण नवा धर्मप्रांत काढला तर पोर्तुगाल हरकत घेणार. मग वकिली तोडगा निघाला. बुडालेल्या प्राचीन धर्मप्रांताचं नाव द्यायचं, बिशपपदाचे सगळे अधिकार द्यायचे, आणि पोपचा थेट प्रतिनिधी, ‘व्हिकार अपोस्तोलिक’, म्हणून हव्या त्या मुलखात पाठवायचं. धर्मप्रांतच नाही, तर पादरोआदोचा भंग कसला? भारताच्या भूमीवर हा तोडगा पहिल्यांदा वापरला गेला तो मातेउशवर.

दिवाडीला जायला जुन्या गोव्यातून फेरीबोट मिळते, रायबंदरहून मिळते आणि डिचोलीच्या बाजूला नार्व्याहूनही मिळते. बेटावर खाजणातली भातशेती आहे, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च आहे, ऑगस्टमध्ये भरणारा बोंदेराचा उत्सव आहे. बेटाची एक बाजू से कॅथेड्रलच्या जुन्या गोव्याकडे तोंड करून आहे आणि दुसरी डिचोलीकडे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदी ओलांडून पलीकडच्या नार्व्यात गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तोपर्यंत मातेउश सत्तरी ओलांडून रोममध्ये बसला होता. देवाने ओलांडली तीच नदी पुढे बिशपलाही ओलांडावी लागली, आणि त्याच दिशेने. दिवाडीच्या माणसाला पोर्तुगीज हद्द कुठे संपते हे घराच्या पायरीवरून दिसत होतं.

बेटावर सामूहिक बाप्तिस्मे झाले ते १५६० च्या आसपास. मातेउशचा जन्म १५९४ चा. घरात ख्रिस्ती धर्म येऊन फार तर दोन पिढ्या झाल्या होत्या. शिक्षणासाठी तो बार्देशात रेइश मागुशला गेला, मांडवीच्या मुखाशी असलेल्या फ्रान्सिस्कनांच्या विद्यालयात. पोर हुशार, लॅटिन येणारं, पाद्री व्हायची इच्छा असलेलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे दार बंद झालं. आर्चबिशप क्रिस्तोवांव द सा इ लिस्बोआ यांनी त्याला गुरुदीक्षा द्यायला नकार दिला.

हा नकार एका आर्चबिशपच्या तिरसटपणाने आलेला नव्हता. सोळाव्या शतकात काही गोवेकर ब्राह्मण पाद्री झाले होते खरे. पण त्यांची जागा ठरलेली होती: युरोपियन पाद्र्याच्या हाताखालचा मदतनीस. धर्मग्राम चालवायचे फ्रान्सिस्कनांनी, येशूसंघीयांनी, दोमिनिकनांनी. घाम गाळायचा देशी पाद्र्याने. संघांमध्ये प्रवेशाचा प्रश्नच नव्हता. येशूसंघाने १५७५ साली पेरो लुईस नावाच्या एका मलबारी ब्राह्मणाला आत घेतलं. तो पहिला, आणि पुढे १७७३ मध्ये संघ विसर्जित होईपर्यंत शेवटचाही. दोनशे वर्षांत एक माणूस!

मराठी वाचकाला येशूसंघ आठवतो तो फादर स्टीफन्समुळे. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून आलं तेव्हा मातेउश बावीस वर्षांचा होता. नदीपलीकडे साष्टीत एक इंग्रज येशूसंघीय ब्राह्मण ख्रिस्ती घरांसाठी मराठी ओव्या रचत होता, आपल्या भाषेचं तोंड भरून कौतुक करत होता, आणि त्याच घरातल्या मुलांना त्याचा संघ आत घेत नव्हता. मराठीच्या इतिहासात आपण स्टीफन्सचा गौरव करतो तो योग्यच आहे. फक्त त्या गौरवाच्या शेजारी पेरो लुईसचा तो एकमेव अपवादही लिहून ठेवायला हवा.

मातेउशने दार ठोठावत बसण्याचं नाकारलं. कार्मेलाइट साधू नुकतेच इराणमार्गे गोव्यात आले होते. ते पोर्तुगिजांच्या मुठीतले नव्हते, रोमशी त्यांचा थेट संबंध होता. त्यांच्या मदतीने तो निघाला आणि १६२५ मध्ये रोमला पोचला. एका देशी, दीक्षा नाकारलेल्या तरुणाने राजाला, आर्चबिशपला आणि राज्यपालाला वळसा घालून थेट पोपच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणं कठीण आहे. इंगोलीच्या दृष्टीने तर हा पुरावाच चालत आला होता. स्थानिकांमधून धर्मगुरू घडवता येतील का, हा त्याचा प्रश्न. आणि समोर लॅटिन बोलणारा ब्राह्मण उभा. रोममध्ये मातेउश तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकला, १६३० च्या सुमारास त्याला गुरुदीक्षा मिळाली, आणि प्रोपागांदाची कागदपत्रं घेऊन तो गोव्याला परतला.

गोव्याने ती कागदपत्रं मानली नाहीत. ती लिस्बनमार्गे आलेली नव्हती. राजाच्या शिक्क्याशिवाय पोपचा कागद गोव्यात चालत नाही, असं पादरोआदोचं म्हणणं. कागद खोटं सांगून मिळवल्याचा संशयही घेतला गेला. मातेउश पुन्हा रोमला गेला. या वेळी इंगोलीने त्याला नुसता पाद्री म्हणून परत पाठवायचं नाही असं ठरवलं, आणि ख्रिसोपोलिसचा जन्म झाला.

बिशप होऊन तो परत आला तेव्हा गोव्याच्या गादीवर फ्रान्सिस्को दुश मार्तिरिश हे फ्रान्सिस्कन आर्चबिशप होते. फ्रान्सिस्कनांच्याच शाळेत शिकलेला मुलगा आता बरोबरीच्या हुद्द्याने समोर उभा होता. त्यांनी त्याला बिशप मानायला नकार दिला. तेव्हा मातेउशने नदी ओलांडली आणि आदिलशाहीतल्या डिचोलीत मुक्काम ठोकला. आज डिचोली गोव्याचा तालुका आहे, पण तो पोर्तुगिजांच्या हाती आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मातेउशच्या काळी तिथे विजापूरचा अंमल होता. डिचोलीत त्याने चर्च उभारलं. पुढे बांदा आणि वेंगुर्ला इथेही त्याची चर्च उभी राहिली. म्हणजे आजच्या सिंधुदुर्गात रोमने थेट पाठवलेल्या पहिल्या बिशपचं काम सुरू झालं ते या माणसाच्या हातून.

विजापूरच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद आदिलशहा होता, गोलघुमट बांधणारा. एका मुसलमान सुलतानाने कॅथलिक बिशपला चर्च बांधायला परवानगी का द्यावी? धार्मिक औदार्य होतं असं म्हणायला हरकत नाही, विजापूरच्या दरबारात ते काही प्रमाणात होतंच. पण मला वाटतं हिशेब याहून सोपा होता. गोव्याच्या सरहद्दीवर, गोव्यातल्या ख्रिस्ती रयतेवर वजन असलेला, आणि पोर्तुगिजांचं नाव काढलं की भडकणारा धर्माधिकारी आपल्या मुलखात बसला आहे, तर त्याला हलवायचं कशाला? वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. तिचे अवशेष आजही पडक्या अवस्थेत उभे आहेत. १६३६ पासून काही वर्षं डच आरमार दर हंगामात मांडवीचं तोंड अडवून बसत असे. या सगळ्या हालचालींच्या मधोमध मातेउश होता. त्याने डचांशी संधान बांधलं हा पोर्तुगिजांचा आरोप पूर्णपणे बिनबुडाचा होता असं त्याच्या बाजूने बोलणाऱ्यालाही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

डिचोलीत त्याने जे केलं त्यातली गोव्याला सर्वांत झोंबलेली गोष्ट म्हणजे त्याने दिलेल्या गुरुदीक्षा. बिशपचा हा मूळ अधिकार. गोव्यात ज्यांना नाकारलं गेलं अशी पोरं नदी ओलांडून त्याच्याकडे येऊ लागली आणि पाद्री होऊन परत जाऊ लागली. गोव्याने त्या दीक्षा अमान्य केल्या. पण एकदा दीक्षा दिली की ती पुसता येत नाही, हे कॅथलिक धर्मशास्त्रच सांगतं. त्यामुळे प्रश्न अधिकाराचा होता, दीक्षेच्या खरेपणाचा नव्हता, आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

त्याचे शत्रू केवळ आर्चबिशपच्या वाड्यात नव्हते. इथिओपियाचे येशूसंघीय पात्रिआर्क आफोन्सु मेन्देश यांना तिथल्या फासिलदस राजाने हाकलून दिल्यावर ते गोव्यात येऊन राहिले होते. १६४० च्या दशकात रोमने इथिओपियाचीही जबाबदारी मातेउशवर टाकली. मेन्देश यांना हा स्वतःच्या जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार वाटला असणार. त्यांनी मातेउशबद्दल जे लिहिलं ते इथे उतरवण्यासारखं नाही. त्याचा रंग आणि उघडं अंग यांवरून केलेली ती शिवी होती, आणि ती कुणा शिपायाची नव्हती. एका पात्रिआर्कने एका बिशपला ती दिली होती. मातेउश तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत गेला, पण इथिओपियाच्या आत त्याला काही करता आलं नाही. तिथलं राज्य कॅथलिक मिशनऱ्यांना उभं करायला तयारच नव्हतं. हा सगळा उपद्व्याप मला तरी प्रोपागांदाचा आततायीपणा वाटतो. ज्याला स्वतःच्या गावी बिशप म्हणून चालता येत नाही, त्याला आणखी एका बंद दरवाजासमोर नेऊन उभं केलं.

मातेउशही काही गरीब गाय नव्हता. तो चिडखोर होता, संशयी होता, आणि त्याच्या लेखणीला लगाम नव्हता. रोमला त्याने पाठवलेल्या पत्रांचा आणि अहवालांचा ढीग प्रोपागांदाच्या दप्तरात आहे. येशूसंघीयांची श्रीमंती, मिशनऱ्यांनी देशी भाविकांवर केलेला जुलूम, देशी पाद्र्यांची कुचंबणा, हे सगळं त्यात येतं. त्यातलं बरंचसं खरं होतं. ज्या अधिकाऱ्यांशी जुळवून घेतलं असतं तर थोडंफार पदरात पडलं असतं, त्यांनाही त्याने सोडलं नाही. एकदा भांडण सुरू झालं की तो ते संपवत नसे. बेल्जियममध्ये १९३७ साली गेकिएर यांनी फ्रेंचमध्ये आणि १९८६ मध्ये सोर्जे यांनी इटालियनमध्ये त्याचं चरित्र लिहिलं. ब्रिटिश इतिहासकार सी. आर. बॉक्सर यांनीही त्याची दखल घेतली. या अभ्यासकांनी त्याच्यावर झालेला अन्याय लपवला नाही आणि त्याचा स्वभावही लपवला नाही.

१६५३ मध्ये त्याने गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्तींना उद्देशून एक मजकूर लिहिला. ‘एश्पेल्यु द ब्रामनिश’, म्हणजे ब्राह्मणांचा आरसा. तुम्ही कोण आहात ते पाहा, आणि हे परके तुम्हाला कसं वागवतात तेही पाहा, असा त्याचा सूर. पोर्तुगिजांचा अंमल झुगारून द्या, इथपर्यंत तो जातो. एका कॅथलिक बिशपने कॅथलिक राज्याविरुद्ध उठाव करा असं सांगणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

वेळही त्याने नेमकी निवडली, किंवा वेळेनेच त्याला निवडलं. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटला होता, पण स्पेनला दुखवायला नको म्हणून रोमने पोर्तुगालच्या नव्या राजाला मान्यता दिली नव्हती. राजाने सुचवलेले बिशप पोप नेमत नव्हता. १६५२ मध्ये आर्चबिशप दुश मार्तिरिश वारले आणि गोव्याची गादी रिकामी पडली. ती भरायला वीसेक वर्षं लागली. आशियाच्या चर्चची राजधानी बिशपाविना. त्यातच १६५३ च्या ऑक्टोबरात गोव्यातल्या पोर्तुगिजांनी आपल्याच व्हाइसरॉयला, ओबिदुशच्या काउंटला, पदच्युत केलं आणि दों ब्राश द कास्त्रो याने सत्ता बळकावली. (आडनाव एकच असलं तरी आपल्या कास्त्रोशी त्याचं नातं नाही. देशी ख्रिस्तींना पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्यात मिळत.) पुढच्या वर्षी, १६५४ मध्ये, आदिलशाही फौज बार्देश आणि साष्टीत शिरली. ती परतवली गेली. पोर्तुगिजांनी मात्र बोट दाखवलं ते थेट डिचोलीकडे.

मातेउशने सुलतानाला चिथावलं का? पोर्तुगीज कागद तसं ठासून सांगतात. पण पोर्तुगिजांच्या घरात भांडण लागलेलं पाहून विजापूरने हात मारायला बिशपच्या शिकवणीची गरज नव्हती. चढाईचा डाव दरबाराचा. त्या डावाला साजेसा मजकूर मात्र बिशपचा. असा माणूस पकडायला सोपा असतो.

रोमने त्याला परत बोलावलं. १६५८ च्या सुमारास तो कायमचा रोममध्ये गेला आणि पुन्हा भारतात आला नाही. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. १६७७ मध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो रोममध्ये वारला. एकोणीस वर्षं. ज्या खात्याने त्याला पुढे केलं, त्याच खात्याने त्याला आत ठेवलं. याला दया म्हणायची की स्थानबद्धता हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. रोमला तत्त्व म्हणून देशी बिशप हवा होता; तो देशी माणसासारखा रागावला की मात्र त्याची अडचण होई.

तो रोमला पोचल्यानंतर वर्षभरातच, १६५९ मध्ये, प्रोपागांदाने आग्नेय आशियात निघालेल्या फ्रेंच व्हिकार अपोस्तोलिकांना एक सूचनापत्र दिलं. लोकांच्या चालीरीती धर्माच्या आणि नीतीच्या विरुद्ध नसतील तर बदलायला जाऊ नका, आपला देश त्यांच्या देशात नेऊ नका, आणि स्थानिकांमधून धर्मगुरू, पुढे बिशपही घडवा, असा त्याचा आशय. मिशनच्या इतिहासात या पत्राचं फार कौतुक होतं, आणि ते योग्यही आहे. ज्या माणसावर ही कल्पना आधी करून पाहिली तो त्या वेळी रोममध्येच होता. फ्रेंच व्हिकारांबरोबर त्याला पाठवलं नाही.

आता त्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मातेउशला कधी कधी पहिला बंडखोर म्हटलं जातं. पोर्तुगीज इतिहास त्याला फितूर म्हणतो. पहिलं वर्णन मला दुसऱ्यापेक्षा जवळचं वाटतं, पण पुरतं पटत नाही. ‘आरसा’ त्याने ब्राह्मणांसमोर धरला, गोव्यातल्या सगळ्या ख्रिस्तींसमोर नाही. त्याचा राग असा होता की आपल्यासारख्या कुलीनांना हे परके खालच्या माणसांसारखं वागवतात. खालच्या माणसांना तसं वागवावं की नाही, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. बाप्तिस्म्याने धर्म बदलला, जात बदलली नाही, हे गोव्याच्या चर्चचं जुनं दुखणं. पुढे १६८५ मध्ये गोव्यात देशी पाद्र्यांचा ओराटरी संघ निघाला. देशी पाद्र्यांनी स्वतः चालवलेली ती मोठीच संस्था होती, पण तिथेही दार ब्राह्मणांनाच उघडं होतं; चारडो या दुसऱ्या ख्रिस्ती जातीच्या पाद्र्यांनी आपली वेगळी चूल मांडली. मातेउशने पोर्तुगिजांकडून मागितलं ते स्वतःच्या गावकऱ्यांना देण्याची वेळ आली असती तर त्याने दिलं असतं का? त्याच्या लिखाणावरून मला तसं वाटत नाही.

हे म्हटल्यावरही त्याचं मागणं चुकीचं ठरत नाही. त्याच्या तक्रारीला उत्तर मिळालं नाही म्हणून तीच तक्रार पुन्हा उगवली. १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध झालेल्या पिंटोंच्या कटाची मुळं अशीच होती. पणजीचे पाद्री कायतान फ्रान्सिस्को कोउतो आणि पाद्री जुझे आंतोनियु गोन्साल्विश लिस्बनला गेले, बिशपपदासाठी आपला विचार व्हावा म्हणून. हात हलवत परत आले, आणि मग सशस्त्र उठावाचे बेत सुरू झाले. कट फुटला, १७८८ मध्ये पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली. गोन्साल्विश दिवाडीचा होता. एकाच बेटाने सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अंतराने दोनदा तीच मागणी केली.

मातेउशनंतर रोमने आणखी दोन गोवेकरांना त्याच पद्धतीने बिशप केलं. वेर्ण्याचे कस्तोदियु द पिन्यु विजापूर आणि गोवळकोंड्याचे व्हिकार अपोस्तोलिक झाले. मातेउशचा पुतण्या तोमास द कास्त्रो थिएटाइन संघात गेला. हा संघ देशी माणसांना जवळ करणारा होता. कानड्याचा व्हिकार अपोस्तोलिक म्हणून त्याने मंगळूरला काम केलं आणि तिथेच १६८४ मध्ये वारला. त्याच्याही वाट्याला काकासारखंच भांडण आलं. त्याच्या अधिकाराला शह द्यायला पादरोआदोने १६८१ मध्ये कानड्यात जो पाद्री पाठवला, तोही गोवेकर ब्राह्मणच होता: जोझेफ वाझ, २०१५ मध्ये संतपदाला पोचलेले. आपल्यातल्या दोघांना समोरासमोर उभं करून दोन युरोपियन सत्तांनी भांडण लढवलं. वाझ यांनी ते भांडण चिघळू न देता तोमासशी जमवून घेण्याचा मार्ग धरला. मग श्रीलंकेला जाऊन ते जे करायचं ते करून दाखवून गेले. मातेउशच्या आणि वाझ यांच्या स्वभावातला फरक सांगायला एवढं पुरे.

रोम आणि पोर्तुगाल यांच्या या ओढाताणीची झळ पुढे अडीचशे वर्षं मराठी मुलखाने सोसली. मातेउशच्या व्हिकारिएटला, म्हणजे व्हिकार अपोस्तोलिकच्या प्रांताला, पुढे ‘महामोगल’ म्हणू लागले. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना काढलं आणि त्या व्हिकारिएटच्या कार्मेलाइट बिशपला बोलावलं. मुंबईच्या महाधर्मप्रांताची वंशावळ अशी सरळ विजापूरशी आणि मातेउशशी जाऊन भिडते. पण पोर्तुगीज पाद्री पुन्हा आले, आणि १७९४ पासून मुंबईच्या चर्चची सरळ वाटणीच झाली. काही पादरोआदोची, काही प्रोपागांदाची. एकाच वस्तीत दोन कॅथलिक धर्मग्राम, दोन बिशप, आणि त्यांच्या भाविकांमध्ये रोजची धुसफूस. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चचे भाविक पादरोआदोकडे जाऊ लागले तेव्हा प्रोपागांदाचे स्विस कॅपुचिन बिशप अनास्तासिउस हार्टमन स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले आणि आतून दारं लावून घेतली. बाहेर जमाव, आत बिशप, असा वेढा दिवसेंदिवस चालला. शेवटी इंग्रज दंडाधिकाऱ्याला मध्ये पडावं लागलं, आणि चर्च पादरोआदोकडे गेलं. माहीमला बुधवारी नोव्हेनाला जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना ही हकीकत ठाऊक असेल! हा दुहेरी कारभार मुंबईत संपला तो १९२८ च्या करारानंतर.

या सगळ्या मुदतीत रोमने पाठवलेले बिशप आले ते इटालियन होते, जर्मन होते, स्विस होते, इंग्रज होते. कस्तोदियु द पिन्यु १६९७ मध्ये वारले. विजापूरहून मुंबईपर्यंत आलेल्या त्या गादीवर त्यांच्यानंतर पुढचा भारतीय बसला तो १९५० साली: कराचीत जन्मलेले, गोवेकर आईवडिलांचे व्हॅलेरियन ग्रेशस, पुढे भारताचे पहिले कार्डिनल. आणि ज्या गोव्याच्या गादीने मातेउशला ओळख दिली नाही, त्या गादीवर पहिले गोवेकर आर्चबिशप, राउल गोन्साल्विस, आले १९७८ मध्ये. मातेउश बिशप झाल्यापासून तीनशे एक्केचाळीस वर्षांनी.